घरातील मोठी मत्स्यपेटी : हौस, हिशेब आणि जबाबदारी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र आणणारी पंचगंगा, शहराच्या कुशीतील रंकाळा आणि १८८०च्या दशकात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला कळंबा तलाव यांमुळे कोल्हापूरकरांचे पाण्याशी आणि पाण्यातील जीवांशी जुने नाते आहे. मरळ, वाम, रोहू, कटला ही नावे येथे बाजारात जितकी परिचयाची, तितकीच नदीकाठच्या गप्पांतही. या नात्याला अलीकडच्या काळात एक नवी जोड मिळाली आहे. दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी ठेवण्याची हौस आता शहरातील बंगल्यांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी, शाळेच्या वऱ्हांड्यात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातही अशा पेट्या दिसू लागल्या आहेत. त्यांत दोन बोटांएवढ्या रंगीत माशांऐवजी हातभर लांबीचा एखादा रुबाबदार मासा असावा, अशी इच्छा अनेकांना होते.

ही इच्छा गैर नाही; परंतु मोठा मासा पाळणे म्हणजे लहान मासे पाळण्याचेच काम थोड्या मोठ्या प्रमाणावर करणे नव्हे. त्यात पाण्याचे वजन, इमारतीचा पाया, विजेचा पुरवठा आणि दररोजच्या पाण्याचा हिशेब येतो. एवढेच नव्हे, तर हा हिशेब चुकला की त्याची किंमत पुष्कळदा घराबाहेरच्या नदीला मोजावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

मासा किती वाढेल?

मत्स्यपेटीची योजना पेटीपासून सुरू होत नाही, ती माशापासून सुरू होते. विक्रेत्याच्या दुकानात दोन इंचांचे पिल्लू पाहून पेटी घेणे, ही सर्वांत मोठी चूक होय. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा किती लांब होईल, हा पहिला प्रश्न असावयास हवा.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या काही माशांची उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. दक्षिण अमेरिकेतून आलेला ऑस्कर हा मासा सुमारे एक फुटापर्यंत वाढतो. जपानी कोई कार्प दोन फुटांपर्यंत सहज जातो. चंदेरी ॲरोवाना तीन फुटांच्या घरात पोहोचतो. ‘शार्क’ या नावाने विकले जाणारे, प्रत्यक्षात पंगस जातीचे असलेले निळसर पिल्लू पुढे चार फुटांचे होऊ शकते. लाल शेपटीचा ॲमेझॉनचा मांगूरवर्गीय मासाही तितकाच वाढतो. चोचीसारख्या लांब जबड्याचा अ‍ॅलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतील मासा तर सहा फुटांहून मोठा होतो. दुकानात ही सारी पिल्ले तळहातावर मावतात, हेच फसगतीचे मूळ आहे.

‘मासा पेटीएवढाच वाढतो’ असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. अपुऱ्या पेटीत माशाची वाढ खुंटते, हे खरे. परंतु ती कोंडलेल्या, दूषित पाण्यामुळे आणि हालचाल न मिळाल्यामुळे खुंटते. असा मासा पाठीला बाक येऊन, रोगट होऊन अल्पायुषी ठरतो. त्याला पेटीशी जुळवून घेणे म्हणता येणार नाही.

आणखी एक गणित शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे मांडता येईल असे आहे. माशाची लांबी सहापट झाली की त्याचे वजन सहापट होत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही बाजूंनी वाढ होत असल्याने ते सुमारे २१६ पट होते. दोन इंचांचा ऑस्कर एक फुटाचा झाला, म्हणजे त्याचे खाणे, त्याची विष्ठा आणि त्याची प्राणवायूची गरज ही सारी कितीतरी पटींनी वाढली.

पेटीचे माप आणि पाण्याचे वजन

मोठ्या माशाला सहज वळता यावे, यासाठी पेटीची रुंदी त्याच्या पूर्ण वाढीच्या लांबीच्या निदान दीडपट आणि पेटीची लांबी निदान चौपट असावी, असा ढोबळ नियम धरण्यास हरकत नाही. या नियमाने आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी पेटी, जी घरगुती पेट्यांत खूपच मोठी समजली जाईल, ती फार तर दोन फुटी माशाला पुरते. म्हणजेच एक फुटाचे दोन-तीन ऑस्कर तिच्यात सुखाने राहतील. ॲरोवाना, पंगस किंवा गार मात्र तिच्यातही मावणार नाहीत. घरगुती मत्स्यपेटीची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

या पेटीचे घनफळ ६० घनफूट आहे. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. वरचे तीन इंच मोकळे ठेवले, तरी पेटीत सुमारे १,५०० लिटर पाणी राहील. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने नुसते पाणीच दीड टन भरते. काच, लोखंडी बैठक, तळाची वाळू व दगड धरून एकूण भार दोन टनांच्या आसपास जातो. हा सारा भार अवघ्या २४ चौरस फूट जागेवर, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९०० किलो या प्रमाणात पडतो. राहत्या घराच्या मजल्याचा आराखडा करताना माणसे व सामान यांचा भार भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारणपणे २०० किलो एवढाच धरला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वरच्या मजल्यावर अशी पेटी ठेवणे का धोक्याचे आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्यामुळे अशा पेटीची जागा तळमजल्यावर, जमिनीवरच्या भक्कम जोत्यावर असावी. जिल्ह्याच्या पूर्व भागात काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर केवळ फरशी टाकून पेटी ठेवल्यास एक कोपरा सूतभर खचला तरी काचेवर पीळ पडतो. मुरूम भरून, धुम्मस करून त्यावर सलोह काँक्रीटचा थर द्यावा आणि पातळी पाणसळीने तपासूनच बैठक ठेवावी. या कामी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे हा खर्च नसून बचत आहे.

काच आणि पाण्याचा जोर

काचेवर पडणारा पाण्याचा जोर पेटीच्या रुंदीवर अवलंबून नसतो. तो पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर अवलंबून असतो. उंची दुप्पट केल्यास जोर चौपट होतो. काठोकाठ भरलेल्या वरील पेटीच्या समोरच्या काचेवर सुमारे ७०० किलोंचा जोर येतो. म्हणून मोठ्या माशांसाठी पेटी उंच करण्यापेक्षा रुंद करणे केव्हाही शहाणपणाचे. मोठे मासे बहुधा आडवे फिरतात, त्यांना उंचीची फारशी गरज नसते.

या मापाला १९ मिलिमीटर जाडीची काच, वरच्या काठाला आतून काचेच्या आडव्या पट्ट्या आणि सांध्यांना मत्स्यपेटीसाठी योग्य असे, बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकॉन वापरले जाते. सांधे पूर्ण वाळू द्यावेत. मग घराबाहेर पेटी भरून काही दिवस तशीच ठेवावी आणि गळती नाही याची खात्री झाल्यावर ती आत आणावी. पेटीला झाकण अवश्य हवे, कारण मरळीसारखे मासे उडी मारण्यात पटाईत असतात.

पाण्याची वास्तू किती जपावी लागते, याचे उदाहरण मुंबईत आहे. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. राज्यातील कित्येक पिढ्यांनी मोठा मासा काचेपलीकडे पहिल्यांदा पाहिला तो येथेच. २०१५ साली नूतनीकरण होऊन त्यात पारदर्शक ॲक्रिलिकचा बोगदा आला. पुढे मात्र इमारतच धोकादायक ठरल्याने ते बंद करावे लागले. शासनाच्या संस्थेलाही मत्स्यालयाची इमारत अशी सांभाळावी लागते, तर घरमालकाने पायाचा विचार आधी करावा, हे ओघानेच आले.

पाणी मुरवणे

पेटी भरली म्हणजे ती मासे सोडण्यास तयार झाली, असे नव्हे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. तो माणसाला निरुपद्रवी, पण माशाच्या कल्ल्यांना घातक असतो. पाणी उघड्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून त्यात हवा खेळवली, तर तो उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट योग्य प्रमाणात वापरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी असतो. निसर्गात काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र मर्यादेत असेपर्यंत फारसे अपायकारक नसते. हे जीवाणू नव्या पेटीत नसतात. फिल्टरमधील स्पंज, खडे व सच्छिद्र वस्तू यांवर त्यांची वसाहत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. शेतकरी विरजण लावतो, त्याप्रमाणे जुन्या, निरोगी पेटीतील थोडा स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा काळ कमी होतो. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नये. नव्या पेटीतील मासे पहिल्या महिन्यात मरतात, त्याला दृष्ट किंवा हवापाणी कारण नसते. बहुतेक वेळा घाई हेच कारण असते.

याच कारणास्तव फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली खसखसून धुऊ नये. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा, म्हणजे जीवाणूंची वसाहत टिकते.

प्राणवायू आणि वीज

मोठ्या माशांच्या पेटीतील सर्व पाणी तासाला चार ते पाच वेळा फिल्टरमधून फिरावे. म्हणजे १,५०० लिटरच्या पेटीला ताशी ६,००० ते ७,५०० लिटर क्षमतेचा पंप लागतो. पंप व हवेचे यंत्र मिळून १०० वॅट धरले आणि ते अहोरात्र चालले, तर महिन्याला ७२ युनिट वीज लागते. कोल्हापुरात हिवाळ्यातील रात्री तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते. उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते, म्हणून त्या दिवसांत पाणी तापविण्याच्या साधनाची वीज वेगळी धरावी.

उन्हाळ्यात अडचण उलट असते. पाणी जसे तापते, तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. अशा वेळी वीज गेली, तर लहान माशांना काही तास मिळतात. मोठ्या माशांना तेवढा अवधी मिळत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा येथे चैनीचा विषय नसून आवश्यक भाग आहे. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते. बहुतेक इतर माशांना ती सोय नाही.

आठवड्याचे पाणी

नायट्रेट साठू नये म्हणून दर आठवड्याला पेटीतील पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे लागते. म्हणजे आठवड्याला ३७५ ते ५०० लिटर पाणी. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. एका मोठ्या पेटीचा आठवड्याचा बदल हा एका माणसाच्या सात ते नऊ दिवसांच्या पाण्याएवढा आहे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, तेथे अशी पेटी उभारावी काय, याचा विचार मालकाने स्वतःच करावयास हवा.

पाणी मुबलक असेल तेथेही ते गटारात सोडणे चूक आहे. नायट्रेटयुक्त पाणी हे झाडांचे खत आहे. परसातील केळी, फुलझाडे, शाळेची बाग यांना ते घालावे. ओढ्यात वा नदीत मात्र ते सोडू नये, कारण त्यातून माशांची अंडी आणि रोगजंतू पसरतात.

जेव्हा पेटी पुरत नाही

एवढे करूनही वर्ष-दोन वर्षांत मासा पेटीला भारी होतो, असा अनुभव सर्वत्र येतो. मालक मनाने वाईट नसतो. माशाला मारावेसे वाटत नाही, ठेवणे परवडत नाही. मग ‘जीवदान’ म्हणून तो नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडला जातो. पेटीच्या साऱ्या कहाणीत सर्वांत मोठा अनर्थ घडतो तो या क्षणी.

विदेशी मोठे मासे बहुधा मांसाहारी असतात. त्यांना येथे नैसर्गिक शत्रू नसतात आणि स्थानिक माशांची अंडी व पिल्ले हे त्यांचे आयते खाद्य ठरते. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा खरखरीत अंगाचा सकर मासा आज देशातील अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात चक्क अ‍ॅलिगेटर गार सापडला. २०१८ च्या महापुरानंतर केरळमधील नद्यांत ॲमेझॉनचा अरापैमा व गार आढळले. ते कोणी मुद्दाम सोडले नव्हते, तर पाळलेल्या तळ्यांवरून पूर वाहिला आणि ते बाहेर पडले.

कोल्हापूरच्या दृष्टीने हे उदाहरण फार जवळचे आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली. नदीकाठच्या वसाहती पाण्याखाली गेल्या, वीज खंडित झाली, उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठाही थांबला. अशा भागात अंगणातील हौद वा शेततळ्यात विदेशी मोठा मासा ठेवणे म्हणजे तो पंचगंगेला देऊन ठेवण्यासारखेच आहे. पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. तेव्हा एका अंगणातील चूक एका जिल्ह्यापुरती राहत नाही.

या नदीव्यवस्थेत सांभाळण्याजोगे काय आहे, हेही ध्यानात घ्यावे. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठेतील खडस या महसीर जातीच्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. सह्याद्रीतून उगम पावणाऱ्या वाहत्या, स्वच्छ पाण्याचा हा मासा आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे देवीचे मासे म्हणून लोकांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करण्यात आली. मोठा मासा पाहण्याची ज्याला खरी आवड आहे, त्याने वाळणकोंडाचा काठ एकदा पाहावा. तेथे काच नाही, पंप नाही. केवळ गावाचा शब्द आहे आणि मासे हातभर अंतरावर येतात.

कायदा आणि गावपातळीवरील काम

काही मासे बाळगण्यावर कायद्याचेही बंधन आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने, आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्टांत नमूद असलेल्या विदेशी सजीव प्रजाती बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करणे आवश्यक झाले आहे. आशियाई ॲरोवाना त्या यादीच्या पहिल्याच परिशिष्टात आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे कागदपत्रे मागावीत. विदेशी मांगूर पाळण्यावर तर देशात बंदीच आहे.

ग्रामपंचायतींना आणि शाळांना या बाबतीत पुष्कळ करता येईल. डासांच्या नियंत्रणासाठी गप्पी मासे सोडण्याची प्रथा गावोगावी परिचित आहे. ते मासेही मूळचे परदेशी आहेत, म्हणून ते हौद, टाक्या अशा बंदिस्त पाण्यापुरतेच ठेवावेत. ओढ्यात व नदीत सोडू नयेत. गावतलाव मत्स्यपालनासाठी देताना कोणते मासे सोडता येतील, याची स्पष्ट अट करारात घालावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे मार्गदर्शन घ्यावे. ज्यांना मोठा मासा आवरेनासा झाला आहे, त्यांनी तो विक्रेत्याकडे, दुसऱ्या अनुभवी पालकाकडे किंवा सार्वजनिक मत्स्यालयाकडे द्यावा. ग्रामसभेत ही माहिती एकदा दिली तरी पुष्कळ काम होईल.

शाळेला मत्स्यपेटी हवी असेल, तर तीन-चार फुटांची पेटी आणि लहान स्थानिक मासे पुरेसे आहेत. अमोनियाची तपासणी, पाण्याचे मोजमाप, माशांच्या वाढीची नोंदवही यांतून विज्ञान व गणित यांचे कितीतरी पाठ प्रत्यक्ष घडतील. मोठ्या पेटीची हौस ज्याला खरोखरच पेलणार आहे, त्याने ती जरूर करावी. मात्र पाया, पाणी, वीज आणि माशाचे संपूर्ण आयुष्य यांचा हिशेब कागदावर मांडल्यानंतरच पिल्लू घरी आणावे. ऑस्करसारखा मासा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जगतो. तेवढी वर्षे सांभाळण्याची तयारी नसेल, तर दुकानातील ते दोन इंचांचे पिल्लू तेथेच राहू द्यावे. तसे केले तर घराचीही आणि पंचगंगेचीही पुढची मोठी चिंता वाचते.